जामच्या चौकातले दोन पेले

माझ्यासारख्या माणसानं आपल्याबद्दल लिहायला बसावं, याचा मला संकोच वाटतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, आणि ती चढूनही मी काही मोठं केलं नाही. नागपूरजवळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून काचेची भांडी धुण्यात आणि दुसऱ्यांची मुलं शिकताना बघण्यात माझी वर्षं गेली. लिहायचं म्हटलं तर हाताशी आहे ती एका पोटाची गोष्ट, आणि पोटाची गोष्ट चारचौघांत सांगू नये असं आम्हाला शिकवलेलं. तरी लिहितो आहे. परवा माझ्या बहिणीचा, वंदीचा, फोन आला नसता तर लिहिलं नसतं. तिनं काय सांगितलं ते ज्याच्या त्याच्या जागी येईल. वाचणाऱ्यानं तोवर मला सांभाळून घ्यावं.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, हमरस्त्यावरच्या जामपासून आडवाटेला आहे. थोडी शेती, आणि तिच्याइतकाच महत्त्वाचा दुधाचा धंदा. गोठ्यात गवळाऊ जातीच्या पांढऱ्या गाई आणि दोन म्हशी. घराचा दिवस गोठ्यातून सुरू व्हायचा. रिकाम्या बादलीत पहिली धार पडली की टणटण वाजायचं, मग बादली भरत जाईल तसा तो आवाज मऊ आणि जाड होत जायचा. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं की आता बादली अर्धी झाली, आता गळ्याशी आली. इतर मुलांना तो आवाज सुखाचा वाटत असेल. मला तो नकोसा वाटायचा, कारण बादली भरली की माझा पेला भरणार हे ठरलेलं होतं. मी घरातला थोरला मुलगा, त्यात अंगानं काडी. "दूधवाल्याचं पोरगं असं मरतुकडं दिसलं तं लोकं म्हणतीन, सारं दूध इकून टाकते," असं म्हणत आई स्टीलचा मोठा पेला माझ्या हातात द्यायची आणि तो संपेपर्यंत समोर उभी राहायची.

बाबा मात्र कोरा चहा घ्यायचे. गुळाचा, काळाभोर, गोठ्याच्या दारात उभ्यानं. डाळीचे गोळे घालून गोळाभात केला की आम्ही वर कढी घ्यायचो, बाबा फोडणीचं तेल. गाय व्यायली की खरवस साऱ्या आळीत वाटला जायचा, पण बाबांच्या ताटातली वडी नेहमी वंदीच्या ताटात जायची. कुणी विचारलं तर त्यांचं एकच उत्तर असे, "धंद्यातला माल आपण खात नाई." मला ते वाक्य फार थोर वाटायचं. शाळेत त्यागावर निबंध आला होता, तेव्हा मी बाबांच्या कोऱ्या चहावर लिहिलं होतं आणि गुरुजींनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

तो वाचून होत असतानाच माझं पोट वाजलं. माझं पोट वर्गात रोजच वाजायचं. आधी लांबून आल्यासारखा गुरगुर आवाज, मग एकदम मोठा. मागच्या बाकावरून ठरलेली आरोळी यायची, "अबे, मोटारपंप सुरू झाला रे!" मोटारपंप हे नाव मला दहावीपर्यंत चिकटून राहिलं. घरी सांगितलं की आई ओवा द्यायची, बाळंतशेप द्यायची, मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची. दोन दिवस जुलाब होऊन अंग गळून गेलं की ताकद भरून यावी म्हणून रात्रीचासुद्धा एक पेला सुरू व्हायचा. त्या माउलीला दोष देत नाही. दुधानं माणूस आजारी पडू शकतो, हे आमच्या घरात पाण्यानं आग लागते म्हटल्यासारखं होतं.

बारावीनंतर मी वर्ध्याच्या कॉलेजात गेलो आणि गावाला लागूनच असलेल्या सिंदी मेघेला एक खोली घेतली. बाबा खोली पाहायला आले. भिंतीवरून हात फिरवला, खिडकी दोनदा उघडझाप केली आणि घरमालकीणबाईंना म्हणाले, "पोरगं साधं आहे जी. पोटाचं थोडं नाजूक आहे, तेवढं पाहजा." मला लाज वाटली. तेव्हा वाटलं, हे काय सांगायचं आहे? आता त्या वाक्याकडे मी फार वेळ बघत बसतो.

घर सुटलं पण दूध सुटलं नाही. आमच्याकडे शहरात शिकणाऱ्या मुलाचा डबा एसटीनं पाठवायची रीत आहे. माझ्यासाठी डबा नव्हे, किटली यायची. झाकणावर फडकं घट्ट बांधलेलं, कानाला सुतळीनं चिठ्ठी. जामला बाबा ती कंडक्टरच्या पायाशी ठेवायचे आणि वर्ध्याच्या स्टँडवर मी उतरवून घ्यायचो. कंडक्टर आमच्या शेजारच्या गावचे. त्यांना सगळेच मामा म्हणायचे. "घे रे बावा तुही गाय," असं म्हणून ते किटली माझ्या हातात द्यायचे आणि आदल्या खेपेची रिकामी परत न्यायचे.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत रसायनाच्या पेपराच्या सकाळी किटलीच्या चिठ्ठीत वंदीच्या अक्षरात आईचा निरोप होता, 'आज पूर्ण पेजो. डोकं चालते.' मी श्रद्धेनं पूर्ण प्यालो. पहिला तास संपायच्या आत मला वर्गाबाहेर जावं लागलं, मग पुन्हा, आणि तिसऱ्यांदा उठलो तेव्हा पर्यवेक्षक म्हणाले, "किती चिठ्ठ्या लपवल्यात रे तिकडं?" सगळा वर्ग हसला. मी पेपर अर्धा सोडून खोलीवर आलो आणि भिंतीला टेकून बसून राहिलो. त्या विषयात नापास झालो. घराण्यातला पहिला कॉलेजात गेलेला मुलगा दुधाचा पेला पिऊन नापास झाला, हे कुणाला सांगणार?

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला एक साधा प्रश्न विचारला, जो तोवर कुणीच विचारला नव्हता. "दूध किती घेतोस?" मी अभिमानानं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, दुधात एक साखर असते, ती काही माणसांच्या पोटात पचत नाही. हा रोग नव्हे, शरीराची घडणच तशी असते. दोन आठवडे दूध पूर्ण बंद कर, चहासुद्धा कोरा घे, आणि मग मला येऊन सांग. चौथ्या दिवशी माझं पोट गप्प झालं. इतकं गप्प की मला भीती वाटली. एवढ्या वर्षांचा सोबती निघून गेल्यावर वाटावं तसं काहीतरी वाटलं.

सुटीत घरी गेलो तेव्हा जेवताना सांगून टाकलं. बाबांचा घास हातात राहिला.

"कोणाले सांगतलं हे?"

"डॉक्टरबाईनंच मले सांगतलं."

"मी इचारून राह्यलो, तू कोणाले सांगतलं?"

"कोणालेच नाई."

"मंग सांगू नको."

आई कढीचं भांडं घेऊन उभी होती. "बाप्पा! दुधानं कोणाचं पोट बिघडते का? मायच्या दुधावरच वाढते ना माणूस," ती म्हणाली. बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "दूधवाल्याच्या घरातच दूध बाधते म्हटलं तं लोकं काय समजतीन? त्याच्या पोटात खोट आहे म्हणणार नाईत. दुधात खोट आहे म्हणतीन." त्यांनी ताटात हात धुतला आणि उठले. माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, ते कळलंच नाही. मी वर्ध्याला परतलो आणि दुसऱ्या दिवशी किटली आली, नेहमीसारखीच. ती येणं बंद झालं असतं तर मामांनी विचारलं असतं आणि जामच्या चौकात चर्चा झाली असती, म्हणून ती येत होती, एवढं मला कळत होतं.

आता तिचं करायचं काय? स्टँडच्या फाटकाशी चणे-फुटाणे विकणारी एक बाई बसायची, सोबत तिची दोन लहान मुलं. मी तिच्या डब्यात दूध ओतून देऊ लागलो. चांगलं काम करतो आहे असं वाटायचं. ही चूक माझी. ओतायचं होतं तर बस निघून गेल्यावर ओतायला हवं होतं.

सोयाबीनचं दूध डॉक्टरबाईंनीच सुचवलेलं. मला हसू आलं होतं. आमच्या शेतात कपाशी आणि तुरीसोबत सोयाबीनच असतं, आणि त्यातला एक दाणाही कधी आमच्या चुलीपर्यंत आला नव्हता. ते पोत्यात भरायचं आणि बाजारात न्यायचं. तेल निघाल्यावर उरलेली ढेप गाईंसाठी परत यायची. सोयाबीन आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच. पुढच्या खेपेला मी घरी पोत्यातून पिशवीभर दाणे काढत होतो, तेवढ्यात बाबा आले.

"कायले पाह्यजे?"

"याचं दूध करते म्हणतात. पाहतो करून."

"म्हणजे आता गाईच्या वाटची ढेप खाणार तू?" ते म्हणाले. मी मान खाली घातली. थोडा वेळ ते तिथेच उभे राहिले, मग निघून गेले. पण जाताना पोत्याचं तोंड बांधलं नाही, उघडंच ठेवलं.

पहिलं दूध इतकं वाईट झालं की सांगता येत नाही. कच्च्या शेंगेचा वास आणि घशाला खवखव. घरमालकीणबाई व्यापारी घरातल्या, किराण्याचं दुकान चालवणाऱ्या, त्यामुळे दाणा त्यांना माणसाहून जास्त कळायचा. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "हे दूध असेल तर गाय कुठं बांधलीस रे?" मग त्यांनीच रीत बसवून दिली. रात्रभर भिजवायचं, सकाळी हातानं चोळून सालं काढायची, मिक्सरमध्ये वाटताना थंड नाही, उकळतं पाणी घालायचं. गाळून पुन्हा चांगलं उकळायचं आणि तोवर पळी थांबू द्यायची नाही, कारण ते गाईच्या दुधाहून लवकर उतू जातं. शेवटी वेलदोडा. उरलेल्या चोथ्याचे त्या वडे करायच्या. पंधरा दिवसांत मला ते प्यावंसं वाटू लागलं. आपल्याच शेतातला दाणा पेल्यात पांढरा होऊन यावा, याचं मला मनापासून नवल वाटे. कुणाला दाखवावं असं वाटे, पण दाखवायला माणूस नव्हता.

दिवाळीत घरी होतो. राहिलेला पेपर महिन्यावर आला होता. सकाळी बाबा म्हणाले, "चाल, जामले येतं का?" मी लुनावर मागे कॅन धरून बसलो. हमरस्त्याच्या चौकात चहाची हॉटेलं ओळीनं होती, आणि बाबांचं निम्म्याहून जास्त दूध त्यांतल्या एका शेटकडे जायचं. त्यांनी घेतलं की शेजारचे घ्यायचे, त्यांनी नाकारलं की तेही नाकारायचे. आमच्या भागातल्या दूधवाल्यांत एक जुनी रीत होती. नवं गिऱ्हाईक लागलं किंवा जुन्याला संशय आला की दूधवाल्यानं त्याच्यासमोर कॅनमधलं दूध पेलाभर पिऊन दाखवायचं. पाणी किंवा पावडर घालणारा आपलाच माल गटागटा पिणार नाही, असा त्यातला हिशेब.

शेट गल्ल्यावर होते, आणि समोरच्या बाकावर बशीत चहा ओतून मामा बसले होते.

"या दूधवाले! आज सायबालेही आणलं का? बरं झालं," शेट म्हणाले. "हे मामा काय सांगून राह्यले पाहा. तुमचं पोट्टं तुमचं दूध पेत नाई म्हणते. स्टँडवर चणेवालीले वाटून देते म्हणते."

मामांनी बशीतून डोकं वर काढलं नाही. "मी तं गमतीनं म्हटलं शेट."

"गमतीनं म्हटलं का डोळ्यानं पाह्यलं?"

"पाह्यलं," मामा हळूच म्हणाले.

"मंग? जे घरचं पोरगं पेत नाई ते मी गिऱ्हाइकायले कसं पाजू?" शेट हसत होते, पण त्यांनी कॅनला हात लावला नव्हता. बाकांवरचे ट्रकवाले बघू लागले. शेजारच्या हॉटेलचा माणूसही हातातलं फडकं घेऊन दारात येऊन उभा राहिला.

बाबांनी कॅन उघडला, हॉटेलातलाच एक मोठा काचेचा पेला भरला आणि माझ्यासमोर धरला.

"पे."

मी पेला घेतला. दूध कोमट होतं, गोठ्याचा वास असलेलं. एका पेल्यानं काही मरणार नव्हतो. दिवसभर लोळलो असतो आणि संध्याकाळी उठलो असतो. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला तो परीक्षेचा वर्ग आठवला, ते हसणं आठवलं, आणि खरं बोलण्यासाठीच तर आपण शिकतो असं काहीतरी मनात आलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाबा, मले दूध चालत नाई."

सगळा चौक हसला. "दूधवाल्याच्या पोराले दूध चालत नाई! उद्या म्हणशीन, मासोळीले पाणी चालत नाई," शेट म्हणाले.

बाबांनी माझ्या हातातून पेला काढून घेतला. डोळे मिटले आणि श्वास न घेता संपवला. रिकामा पेला टेबलावर पालथा ठेवला.

"हा तुमचा झाला," शेट मजेत म्हणाले, "पोराच्या वाटचा?"

बाबांनी पेला सुलटा केला, पुन्हा काठोकाठ भरला आणि तोही प्याले. घोट मोजून घेतल्यासारखे, थांबत, पण प्याले. मग मिशा पुसल्या आणि विचारलं, "अजून?"

शेट ओशाळले. "नाई जी, राग नका मानू. गंमत केली. ओता, ओता." कॅन रिकामे झाले. शेजारच्यानंही घेतलं. धंदा राहिला.

परतताना बाबांनी वाटेत लुना थांबवली. "उतर. तूर पाहून येतो," म्हणाले, आणि पाण्याचा डबा घेऊन एका शेतात शिरले. ते शेत आमचं नव्हतं. बऱ्याच वेळानं परत आले. पुढं मैलभरावर पुन्हा थांबले, पुन्हा तूर पाहायला गेले. मी बांधावर बसून होतो, मनात नुसती कडू चव. मला वाटलं, यांना माझ्यासोबत बसायचीही लाज वाटते आहे. घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले ते दुसऱ्या दिवशीपर्यंत. आई म्हणाली, ऊन लागलं. दिवाळीच्या दिवसांत असं ऊन कुठून लागणार, हे विज्ञान शिकणाऱ्या माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यानंतर किटली यायची बंद झाली. मी पेपर दिला, पास झालो, नोकरी लागली. आमच्यात तो विषय कधी निघाला नाही. घरी गेलो की आई माझ्यासमोर कोरा चहा ठेवायची, बाबांच्या चहाशेजारी. आम्ही दोघं तो गप्प बसून प्यायचो. मला वाटायचं, त्यांनी मला माफ केलेलं नाही.

खरं सांगायचं तर या सगळ्यानं मी थकून गेलो आहे. मोठा त्रास नाही हो, कुणी मरत नाही यानं. पण प्रत्येक लग्नात बासुंदीच्या वाटीवर हात आडवा धरायचा, प्रत्येक घरी चहाच्या वेळी तेच सांगायचं, "घे रे थोडं, काही होत नाही," हे ऐकायचं, पेढ्याचा प्रसाद रुमालात बांधायचा. आता दुकानात सोयाबीनचं, बदामाचं, ओटचं दूध खोक्यात मिळतं. माझी मुलगी ते हौसेनं पिते, तिला काही त्रास नसताना. मी मात्र अजून रात्री दाणे भिजत घालतो.

गेल्या आठवड्यात बाबा अंगणात पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवलं आहे, वंदी सोबत आहे. मी जाऊन आलो. जवळ बसलो तर ते डोळे मिटून पडून राहिले. मी नोकरीवर परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वंदीचा फोन आला. तिचा आवाज विचित्र वाटला, रडका की हसरा, ते कळेना.

ती म्हणाली, "दादा, नर्सबाईनं सकाळी दूध आणलं. बाबानं तोंड फिरवलं. ती म्हणे, घ्या ना आजोबा, हाड जुळायले पाह्यजे. तं बाबा तिले म्हणते, बाई, मले दूध चालत नाई. लहानपणापासूनच नाई चालत."

वंदी सांगत राहिली. "मी म्हटलं, बाबा, हे आमाले कधी काऊन नाई सांगतलं? तं म्हणते, दूध इकणाऱ्यानं कोणाले सांगावं ते? मंग डोळे मिटून पडले. मले वाटलं झोपले."

"मग?"

"मंग म्हणाले, दादाले फोन लाव. त्याले इचार, ते सोयाबीनचं कसं करते तो."